‘ती काय, घरीच असते’: आपल्या सांगली जिल्ह्यातल्या बायकांच्या कामाचे अनुभव लिहा

फेब्रुवारी २०११. तासगाव तालुक्यातल्या एका गावात मी जनगणनेच्या ड्युटीवर होते. ऐन द्राक्षाचा हंगाम, निम्म्या घरांना कुलपं, बायका बागेत. दारात भेटायचे ते म्हातारे नाहीतर कारभारी. ‘गेल्या वर्षभरात यांनी काही काम केलं का?’ असं बायकोबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘ती काय, घरीच असते.’ आणि मागं गोठ्यात चार म्हशी, दूध डेअरीला! वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारी, कमी केलं तर सीमांतिक, असा नियम. छाटणी, विरळणी (घडातले जादा मणी कापणं), भांगलण (खुरपून तण काढणं) असं एकेक खोदून विचारलं की बेरीज सहज सात-आठ महिन्यांवर जायची. पण प्रत्येक दारात तेवढा वेळ नव्हता. काही ठिकाणी मीही ‘घरकाम’ लिहून पुढं गेले. ते अजून टोचतं.

म्हणून विचारते. तुमच्या आजीनं, आईनं, तुम्ही काय कामं केलीत? आणि पैसे कुणाच्या हातात आले?

टोळीवाली, तासगावकडची
आमच्या टोळीत पंधरा जणी. ऑक्टोबर छाटणी झाली की फेलफूट, म्हणजे घड नसलेली फूट, काढायची, मग विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, एक्स्पोर्टचा माल असला तर घडांना पेपर. विरळणीत दिवसभर मान वर अन् कात्री हातात. रात्री हात वर करून केस बांधता येत नाहीत.

आधी हजेरीवर जायचो. गड्याला जास्त, बाईला कमी. का, तर गडी औषध मारतो. मग आम्ही एकरावर उक्तं, म्हणजे ठरल्या रकमेत सगळं काम, घ्यायला लागलो. उक्त्यात बाई-गडी बघत नाहीत, किती झाडं झाली ते बघतात. सकाळी सातला टेम्पो, हिशेब माझ्या वहीत. एकदा एका बागवाल्यानं आमचे पैसे माझ्या नवऱ्याकडं दिले. दुसऱ्या दिवशी टोळी त्याच्या बागेत गेलीच नाही. विरळणी लांबली की घड आवळतात, मग कात्री आत जात नाही. तिसऱ्या दिवशी तो दारात. उन्हाळ्यात बेदाणा निवडायला शेडवर. सावली असते, पण गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरतात.

नातू
आजी स्वतः लिहीत नाही म्हणून तिचं मी लिहितो, चालेल ना? १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. रोजगार हमीची कल्पना आपल्याच विसापूरच्या वि. स. पागे यांची, कायदा झाला १९७७ ला. आजीला त्यातलं एकच लक्षात राहिलेलं: मापावर पैसे, बाप्याला वेगळा दर नाही. टोळीवाल्या ताईंचं उक्तं वाचून तीच आठवली.

माहेर विटा, सासरही विटाच
आमच्याकडचे पुरुष गलाईला, म्हणजे सोनंचांदी शुद्ध करायच्या धंद्याला, देशभर पांगलेले. मी आठ वर्षं तमिळनाडूत होते. खाली दुकान, वर माळ्यावर आम्ही. दुकान झाडून निघालेली माती सांभाळून ठेवणं माझ्याकडं, कारण तिच्यातही सोनं असतं. पण कुणी विचारलं तर मी ‘मदत’ करत होते. इकडं जाऊबाई एकट्या शेत बघत होत्या. सातबाऱ्यावर नाव दिरांचं. सोसायटीचं कर्ज काढायचं झालं की नुसत्या सहीसाठी ते दोन दिवस गाडीत बसून यायचे.

मिरजेची सिस्टर
सव्वीस वर्षं नर्स आहे. काम करते का, असं मला कुणी विचारत नाही. लग्नाआधी विचारलं होतं, ‘नाइट सोडणार का?’ बाकीचं नंतर लिहिते, नाइटच आहे.

बी.ई., सध्या घरी
माझं सगळ्यांच्या उलटं. आईनं भांगलणीला जाऊन मला इंजिनिअर केलं. सासरच्यांना शिकलेलीच सून हवी होती. सांगलीत मला मिळाली ती नोकरी बारा हजारांची, त्यात जाण्यायेण्याचा खर्च. पुण्याला जायचं तर मुलाला कोण बघणार? शेतात जाते म्हटलं तर सासूबाई म्हणतात, ‘इंजिनिअर सून खुरपं धरते म्हणून गाव हसंल.’ आमच्या बॅचच्या मुलींच्या ग्रुपवर अकरा जणी आहेत, सहा घरी. आमच्या गल्लीत बाहेर काम करणारी एकच, अंगणवाडी सेविका, बारावी झालेली.

आई अजून भांगलणीला जाते. माहेरी गेले की निघताना हातावर पैसे ठेवते. मी घेते.

म्हसवडची
मी सातारा जिल्ह्यातली, पण लिहिते. आमच्या माणदेशी महिला बँकेचा परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं आधी नाकारला होता, कारण त्यावर बायकांचे अंगठे. मग बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि १९९७ ला बँक उभी राहिली. सासूबाईंचं पहिलं खातं तिथलं, शेळी विकलेल्या पैशांचं. पासबुक पिठाच्या डब्यात, नवरा तिथं हात घालत नाही म्हणून.

धागा काढणारी
पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे घरोघरची मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा कुलपं. टोळीवाल्या ताई, तुमच्या वहीतले महिने मोजून सांगाल?

टोळीवाली, तासगावकडची
मोजले. नऊ भरले. नवऱ्याला वही दाखवली. बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, ‘अन् म्हशी धरल्या न्हाईस व्हय?’