मदत हवी आहे: आंबोलीतला सुतार पक्षी नक्की कोणता?

काल सकाळी आंबोलीत वाळक्या फांदीवर टकटक ऐकू आली म्हणून थांबलो तर सोनपाठी सुतार, पण आमच्या गावाकडे नारळावर दिसतो तो नाही कारण त्याची कंबर काळी असते आणि ह्याची चक्क लालभडक होती, डोक्यावर पांढरे ठिपकेवाला काळा तुरा म्हणजे मादी असणार. मला मोठा सोनपाठी वाटतोय, चोच लांब होती आणि डोळा फिकट, पण मित्र म्हणतो तीन बोटंवाला साधा सोनपाठी. फोटो एकच आलाय तोही हललेला 😅 पायाची बोटं खोडामागे, गालावर मात्र दोन काळ्या रेघा दिसतायत मधे पांढरं. एवढ्यावरून नक्की सांगता येईल का कोणाला?