दिवाळी कार्यक्रमातलं संगीत: नवीन काही ऐकण्यासारखं आहे का?

प्रेषक: एडिसनहून

नमस्कार मंडळी,
इथे न्यू जर्सीत आपल्या दिवाळी कार्यक्रमाला लोक येऊन बसेपर्यंत हॉलमध्ये तासभर काय वाजवायचं, ते या आठवड्यात ठरवायचंय. माझं मत: भीमसेनजी, कुमारजी, आशाताई. अलीकडे कान धरून बसवेल असं काही आलेलंच नाही. कुणाला पटत नसेल तर नावं कळवा. मी नक्की ऐकेन.

प्रेषक: जर्सी सिटीहून

काका, नमस्कार.
नावं देते, पण सगळ्यांचं कौतुक करणार नाही.

आधी 'अ‍ॅज वी स्पीक' लावा, 2023चा. बेला फ्लेक यांचा बँजो, एडगर मायर यांचा डबल बास, राकेश चौरसियांची बासरी आणि झाकीरभाईंचा तबला. बँजोची तार छेडली की सूर लगेच विरतो, बासरीचा हवा तेवढा लांबतो. दोन्हींच्या मधली जागा डग्ग्याच्या घुमाऱ्याने भरते. चौघंही मोठे वादक, पण कुणी कुणावर चढत नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं हे सगळ्यात समंजस वादन.

त्याच वर्षी गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीरभाईंच्या 'शक्ती' या गटाचा 'धिस मोमेंट' आला. फेब्रुवारी 2024 मध्ये दोन्ही अल्बमना ग्रॅमी मिळालं. झाकीरभाई त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले, त्यामुळे हे लिहिणं जिवावर येतंय, पण 'धिस मोमेंट' मला भावला नाही. मॅक्लॉफ्लिन यांच्या गिटार-सिंथचा, म्हणजे गिटारवरून काढलेल्या इलेक्ट्रॉनिक सुरांचा, गुळगुळीत थर सगळ्यावर पसरलाय. 1975 साली लाँग आयलंडच्या एका कॉलेजात ध्वनिमुद्रित झालेला 'शक्ती'चा पहिला अल्बम काढून ऐका. त्यात गिटारच्या तारांचा खरखरीतपणासुद्धा पुसून टाकलेला नाही आणि विक्कू विनायकराम यांचा घटम अगदी शेजारी वाजल्यासारखा येतो. नव्यात शंकर महादेवन यांचा आवाज आणि सेल्वगणेश यांची खंजिरा समोरासमोर येतात, तेवढ्यापुरती जान येते.

गायिका अरूज आफताब या ब्रुकलिनच्या. त्यांचा 2024चा 'नाइट रेन' मी रात्री ऐकते आणि दुसरं काही लावावंसं वाटत नाही. यात माह लका बाई चंदा यांच्या गझला आहेत. ही अठराव्या शतकातली शायरा, जन्म औरंगाबादचा, आयुष्य हैदराबादच्या दरबारात गेलं. आपल्या ईमेल-यादीवरच्या मराठवाड्याच्या मंडळींनी हा अल्बम चुकवूच नये. 'रात की रानी'त आवाजावर ऑटोट्यून (सूर यंत्राने बदलणारं तंत्र) आहे, ते काकांना खटकेल. मला चाललं, कारण त्याने सूर झाकलेला नाही, फक्त थोडा परका केलाय.

आता ज्याच्यासाठी खरं तर एवढं लिहायला बसले तो अल्बम. प्युर्तो रिकोचा गायक बॅड बनी याचा 'देबी तिरार मास फोतोस', जानेवारी 2025. नाव वाचून पुढे जाऊ नका. इथे पर्थ अँबॉय गावात गाड्यांमधून ऐकू येतं तेच हे, पण नीट बसून ऐकलं की थक्क व्हायला होतं. मुखपृष्ठावर केळीच्या झाडांपुढे दोन रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. कॅरिबियनमधल्या प्युर्तो रिकोतला माणूस बेट सोडून न्यूयॉर्कला येतो, मागे घर, जमीन, समुद्रकिनारा दुसऱ्यांच्या हातात जातो, ही त्याची व्यथा. आणि ती सांगायला त्याने स्वतःच्या मातीतले प्लेना आणि साल्सा हे संगीतप्रकार घेतलेत. प्लेनात दिमडीसारखी हातात धरायची वाद्यं असतात, तीन आकारांची. दोन ठेका धरून ठेवतात आणि सगळ्यात लहान, रेकिंतो, त्यावर मोकळं खेळतं. 'काफे कोन रोन'मध्ये 'लोस प्लेनेरोस दे ला क्रेस्ता' हा खरा प्लेना गट वाजवतो. 'बाइले इनोल्विदाब्ले'त तिथल्या संगीत शाळेची मुलं वाजवतात. सुरुवातीला सिंथचा धूसर पडदा, मग एकदम ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आणि तालवाद्यं आत घुसतात, आणि सहा मिनिटं कशी गेली कळत नाही. लोकसंगीत त्याने शोभेला ठेवलेलं नाही, ज्यांचं आहे त्यांच्याच हातात दिलंय.

हेच मला आपल्याकडे हवंय. 'महाराष्ट्र शाहीर' या चित्रपटात (2023) अजय-अतुल यांनी शाहीर साबळ्यांचा बाज चांगला ओळखलाय. 'गाऊ नको किसना'मधला कोवळा, खडा आवाज ऐकताना अंगावर काटा येतो. 'बहरला हा मधुमास' गोड आहे, पण व्हायोलिनांचा ताफा कमी चालला असता. ढोलकी पुढे येऊ द्या ना!

बियॉन्सेचा कंट्री वळणाचा अल्बम 'काउबॉय कार्टर': 27 ट्रॅक. अर्ध्यात थांबले.

प्रेषक: पिस्कॅटवेहून

ताई, 'काउबॉय कार्टर' अर्ध्यात सोडलात, हे पटलं नाही. तुम्ही प्लेनाबद्दल म्हणता तेच तिथे घडलंय. 'टेक्सस होल्डेम'च्या सुरुवातीचा बँजो रिआनन गिडेन्स यांचा. बँजो गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाद्यांतून आला, आणि ते विसरलेलं मूळ लोकांपुढे आणण्यासाठी गिडेन्स अनेक वर्षं झटताहेत. त्यात कंट्री गायिका लिंडा मार्टेल यांचा आवाजही आहे. 1969 साली ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नावाजलेल्या मंचावर एकटीने गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. गाणी जास्त आहेत हे मान्य, पण कृपया शेवटपर्यंत ऐका.

आणि अल्बम नसला तरी 'तांबडी चामडी' यादीत हवंच. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 2024चं मराठी हाउस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत), नेदरलंड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलेलं. इथे जन्मलेली आमची पोरं ते तोंडपाठ म्हणतात. बाकी कुठलं मराठी गाणं ती स्वतःहून लावत नाहीत.

प्रेषक: एडिसनहून

ताई, चौघांचं वादन दोनदा ऐकलं. ते घ्यायचं, ठरलं. आफताब बाईंचा आवाज उत्तम, पण हॉलच्या गोंगाटात वाया जाईल, तो घरी ऐकायचा. बॅड बनीचं स्पॅनिश मला कळत नाही, तरी ते ब्रास ऐकून पाय हलले. कुणी शब्दांचा अर्थ मराठीत पाठवला तर आभारी राहीन. 'तांबडी चामडी' जेवणानंतर, मुलं नाचतील तेव्हा.

एक अडचण आहे. हॉलचे स्पीकर खालच्या सुरांना फुटतात, डग्गा नुसता भणभणेल. शनिवारी सकाळी तपासायला कोण येतंय?