तरसाच्या मागे सायकल पिटाळणारे ‘निसर्गप्रेमी’

पेडलपुराण (धागाकर्ती)

काल सायकलच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर तो व्हिडिओ फिरत होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : बोपदेव घाट चढून भिवरीच्या अलीकडे, पहाटेचा अंधार, हँडलवरचा दिवा फुल्ल, आणि त्या झोतात पुढे पुढे पळणारं तरस. मागून आवाज, "सोडू नको, सोडू नको, रेकॉर्ड होतंय!" एका बाजूला तारेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला कापलेला डोंगर, त्यामुळे ते बिचारं मिनिट-दीड मिनिट डांबरावरूनच पळतंय. खाली ओळ : ‘सायकल चालवली तरच निसर्ग भेटतो.’ त्यावर बदामांचा पाऊस.

याला भेट म्हणतात? एकाने लिहिलंय, ‘मानेवरची आयाळ बघा, काय रुबाब!’ अहो, तरस घाबरलं की मान ते शेपटीपर्यंतचे केस उभे करतं, आहे त्यापेक्षा मोठं दिसावं म्हणून. तुम्ही ज्याला रुबाब म्हणताय ती त्याची फाटलेली आहे.

आपली सायकल आवाज करत नाही, हे आपण फार कौतुकाने सांगतो. पण त्यामुळेच जनावराला आपण अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. गाडी लांबून ऐकू येते, ते बाजूला होतं. आपण एकदम अंगावर उगवतो. म्हणजे सांभाळायची जबाबदारी आपल्यावर जास्त. पाय टेका, दिवा मंद करून खाली वळवा, त्याला जाऊ द्या. एवढं जमत नसेल तर निसर्गाचं नाव घेऊ नका, सरळ ‘रील केली’ म्हणा.

हेडविंड

सूर असा आहे की जणू पोरं बंदूक घेऊन गेली होती. दीड मिनिट हो, दीड मिनिट! त्याच घाटातून रात्रभर डंपर जातात. दिवे घाट रुंदीकरणासाठी फोडला जातोय, त्यावर बाईंचा धागा दिसला नाही. सायकलखाली मेलेलं एक तरस दाखवा, मी सायकल विकतो. आणि हा व्हिडिओ पाहणाऱ्या निम्म्या लोकांना पुण्याच्या इतक्या जवळ तरस आहे हेच काल कळलं. ही जागृती नाही का?

पेडलपुराण

डंपर वाईट आहेत म्हणून आपण कमी वाईट वागायचं, एवढीच अपेक्षा आहे का आपल्याकडून?

९ डिसेंबर २०२० आठवतंय? कोथरूडच्या सोसायटीत गवा शिरला होता. तिथेही कोणाला त्याला मारायचं नव्हतं. सगळे नुसते ‘बघत’ होते, मोबाइल वर करून. गर्दी, आरडाओरडा, दोर, जाळी, भुलीचं इंजेक्शन, आणि संध्याकाळपर्यंत गवा मेला. मग आपणच ‘सॉरी गवा’ म्हणत हळहळलो. दोनच आठवड्यांनी बावधनला दुसरा गवा आला, तेव्हा गर्दी लांब ठेवली आणि तो परत रानात गेला. फरक आपल्या वागण्याचा होता.

वकील_आहे_पण

अवांतर नाही, मुद्द्याचंच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ची व्याख्या वाचा, कलम २(१६). जीव घेणं ही त्यातली एक गोष्ट झाली. पकडणं, पाठलाग करणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यातच येतं. त्या पोरांनी पुरावा स्वतःच शूट करून स्वतःच वाटलाय. वर ‘सोडू नको’ हा आवाजही आहे. माझ्याकडे आले असते तर पहिला सल्ला, व्हिडिओ उडवा.

हेडविंड

म्हणजे अंगणातली मांजर हाकलली तरी मी शिकारी?

वकील_आहे_पण

पाळलेली असेल तर नाही. रानमांजर असेल तर भेटा, फी सांगतो.

सासवडची_माती

मी भिवरीच्या पुढचाच. तुमच्या चर्चेत आमचं गाव आलं म्हणून लिहितोय, नाहीतर शनिवार-रविवारी तुम्ही आमच्या चर्चेत असता.

तरसाचं नवल तुम्हाला. आमच्याकडे कोंबड्यांच्या शेडवाले मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात न पुरता माळावर टाकतात, तिथे ते रोज येतं. वासरू मेलं तर हाडंसुद्धा शिल्लक ठेवत नाही. त्याची विष्ठा चुन्यासारखी पांढरी असते, सगळा हाडांचा चुना. माणसाच्या वाटेला जात नाही. आमच्या म्हाताऱ्यांना त्याची भीती वाटायची ती गोष्टींमुळे, अनुभवामुळे नाही.

लांडग्याचं वेगळं. तुम्हाला लांडगा दिसला की स्टेटस, आमच्या मेंढपाळाला दिसला की पंचनामा. तरी धनगर म्हणतो, कोकरू नेलं तर नेलं, त्याचाही वाटा आहे. तुमच्यातल्या एकाने मागच्या हिवाळ्यात वाघरात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, सायकल घातली होती, ‘लांडग्याचे पगमार्क कुठे दिसतील’ विचारत. मेंढरं उधळली. कुत्रं सोडलं असतं तर?

आणि खरं सांगू का, आमच्या माळावर खरा उच्छाद आहे तो कुत्र्यांचा. शहरातले लोक गाडीत घालून आणतात आणि घाटाच्या माथ्यावर सोडून जातात. रात्री. दिवे बंद करून.

निवांत_काका

अखेर कोणीतरी बोललं! तरस आणि लांडगे राहू द्या बाजूला. सायकलवाल्याचा खरा वाघ म्हणजे भटका कुत्रा. माझी कॉलरबोन जी मोडली ती कुठल्या अभयारण्यात नाही, आमच्याच उपनगरात, दुधाच्या बूथसमोर. पहाटेची वेळ. पहिला भुंकला, दुसरा डाव्या पोटरीला आला, त्याला चुकवायला उजवीकडे वळलो तर तिसरा आधीच तिथे उभा. मी क्लीटसकट (पेडलला अडकणारे बूट हो), सायकलसकट आडवा. वर तोंड करून पाहतो तर त्यांना रोज बिस्किटं घालणाऱ्या ताई म्हणतात, "काका, तुम्ही घाबरलात म्हणून ते घाबरले."

मग सरकारी दवाखान्यात लस. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या. जखमेत सीरम टोचतात ते वेगळं. तरसाची आयाळ मोजणाऱ्यांनी एकदा ते सीरम टोचून घ्यावं.

मोती_आणि_मी

काका, तुमच्या हाडाचं वाईट वाटलं. पण मीही सायकल चालवते, पहाटेच, आणि बिस्किटंही घालते. कुत्रा सायकलच्या मागे लागतो कारण ती पळते. फिरतं चाक, खाली-वर होणारे पाय, वर तुमचं ते वेग वाढवणं. थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, डोळे रोखू नका. बहुतेक वेळा खेळ तिथेच संपतो. मघाशी तरसाबद्दल सगळे काय म्हणत होते? पाय टेका, जाऊ द्या. तोच नियम कुत्र्याला लावला की लगेच मी ‘बिस्किटवाली ताई’?

निवांत_काका

थांबा म्हणे! चढावर थांबता येतं, ताई. उतारावर पस्तिशीच्या वेगात टोळकं आडवं आलं तर उतरू कसा, पॅराशूटने? आणि तरस रोज त्याच चौकात त्याच वेळेला माझी वाट बघत बसत नाही.

ओतूरकर

पुण्याचे लोक कुत्र्यावर किती लिहू शकतात याची आज खात्री पटली.

आमच्याकडे या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड. उसाच्या फडातून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड आणि आसपास तीन जीव गेले, त्यात दोन लहान मुलं. लोकांनी रस्ते अडवले, शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. माणिकडोहचं केंद्र पकडलेल्या बिबट्यांनी भरलंय. आणि तुमचे ब्रेव्हेवाले (लांब पल्ल्याच्या, वेळेत संपवायच्या राइडवाले) रात्री दोनला त्याच रस्त्याच्या कडेला एकेकटे वाकून पंक्चर काढत बसतात! वाकलेला माणूस बिबट्याला माणूस दिसत नाही, शेळी दिसते. आमच्या घरचे म्हातारे अंधारात बसून काही करू देत नाहीत, तोंडाने बोलत राहायला सांगतात. तुमच्या सोबतीला काय तर कानात गाणी.

हेडविंड

म्हणजे रात्री सायकलच चालवू नये?

ओतूरकर

चालवा. पंक्चर गावात येऊन काढा, चार पावलं चाला. जोडीने राहा. आणि तुम्हाला ‘दर्शन’ झालं तर पेढे वाटू नका, आमच्या मुलांना त्याच रस्त्याने शाळेत जायचंय.

टेकडीवाला

सगळ्याचं मूळ कोणी बोलत नाहीये. सासवड, जेजुरी, सुपे हा सगळा गवताळ माळ. सरकारी कागदावर ‘पडीक’. पडीक दिसलं की एक तर प्लॉट पाडा, नाहीतर वृक्षारोपण करा. खड्डे खणून गिरिपुष्प लावायचं आणि फोटो काढायचे. वेताळ टेकडीवर तेच केलं, त्याच्याखाली गवताची काडी उगवत नाही. लांडगा, चिंकारा, तरस, माळढोक (गेलाच तो) यांना झाडी नको, उघडं गवत हवं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. मग जनावर डांबरावर येणार नाही तर कुठे जाणार? आणि मोहीम काढणाऱ्यांत आपलेच सायकल क्लब पुढे असतात, ‘राइड फॉर ट्रीज’.

पेडलपुराण

हे मात्र खरं. पण भाऊ, धागा दिवा मंद करण्याबद्दल होता.

आणि मोती, सोसायटीतल्या कुत्र्याचं मी काही म्हणत नाही. पण माळावर सोडलेली कुत्री चिंकाऱ्याची पाडसं फाडतात. लांडग्यांत त्यांचं रक्त मिसळतंय, पुण्याजवळचा तसा संकर २०२३मध्ये जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय. तिथे कुत्र्याला खाऊ घालणं ही भूतदया नव्हे.

मोती_आणि_मी

माळावर मी कधी घातलं? सोडणारे वेगळे, घालणारे वेगळे. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची नसबंदी आम्ही पदरच्या पैशाने केली आहे, कानाला खाच आहे बघा. सोडणाऱ्यांना पकडा की. त्यांच्या गाडीला नंबर असतो.

मेलबर्नची_मंजू

इकडे कुत्री पट्ट्यात, पण आकाशातून हल्ला होतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर मॅगपाय पक्ष्याचा विणीचा हंगाम. झाडावरून मागून येतो आणि कानाजवळ चोचीने ‘टक्क’. सायकलवाले हेल्मेटला केबल टाय उभे लावून साळिंदर बनून फिरतात. नगरपालिका झाडाखाली पाटी लावते, लोक नकाशावर जागा टाकतात आणि महिनाभर दुसऱ्या रस्त्याने जातात. उतरून चालत गेलं तर बहुतेक वेळा सोडतो. माहेरी पाषाणला टिटवी असंच करायची, उन्हाळ्यात अंडी उघड्यावर असली की डोक्यावर झेप. फक्त ती चोच मारत नाही, शिव्या घालते.

निवांत_काका

दुसऱ्या रस्त्याने जायला दुसरा रस्ता लागतो, मंजूताई.

हेडविंड

बरं, एक मान्य. आज पहाटे गेलो होतो. रस्त्याच्या मधोमध दोन लाल ठिपके. मला वाटलं कोणाचा तरी रिफ्लेक्टर पडलाय. जवळ गेलो तर रातवा पक्षी. वाळक्या पानासारखा डांबराला चिकटून बसलेला, ऊब घेत असावा. माझ्या दिव्याने त्याला काही दिसतच नव्हतं बहुतेक, चाक वीतभरावर येईपर्यंत हलला नाही. तर हो, दिवा मंद केला. उडाला. धागाकर्तीबाईंना समाधान लाभो. पुढच्या वेळी तरस दिसलं तर आधी त्याचं संमतिपत्र भरून घेईन, दोन प्रतींत.

पण पोरांना ‘शिकारी’ म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही. एकोणीस-वीसची पोरं आहेत. समोर तरस पाहून कोणाचं डोकं ठिकाणावर राहील?

पेडलपुराण

डोकं नसेल राहिलं. घरी येऊन, अंघोळ करून, संगीत लावून व्हिडिओ टाकला तेव्हा तरी ठिकाणावर आलं असेल ना? जागा तरी खोडा म्हणावं. आत्ताच एका ग्रुपवर ‘रविवारी हायना राइड, पहाटे चारला कोंढव्यात जमू’ असं आलंय.

सासवडची_माती

या. शेडवाल्याला सांगून ठेवतो, मेलेल्या कोंबड्या उचलायला माणसं कमीच आहेत.

निवांत_काका

सर्वोच्च न्यायालयाचा २०२५च्या ऑगस्टचा आदेश कोणी नीट वाचलाय का? पिसाळलेला किंवा आक्रमक कुत्रा परत सोडायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आमच्या चौकातले तिन्ही आक्रमक आहेत. माझा एक्स-रे दाखवतो.

मोती_आणि_मी

त्याच आदेशात बाकीच्यांना नसबंदी आणि लस करून होते तिथेच परत सोडा असंही आहे, ते वाचताना चष्मा काढला होता का? द्या चौकाचा पत्ता. आमची गाडी पाठवते, उचलू, तपासू, टोचू.

निवांत_काका

पत्ता दिला तर उद्यापासून तुम्हीही तिथे बिस्किटं घेऊन उभ्या. नकोच.

मोती_आणि_मी

पार्ले-जी बंद केलंय. आता चिकन-भात असतो.

निवांत_काका

तरीच आमच्याकडचे हल्ली जास्त जोरात पळतात.