सरकार नसलेला समाज कधीच येणार नसेल, तर तो मनात बाळगायचा कशाला?

साखळीवाला (प्रश्न)

भूमी अभिलेख खात्यात बत्तीस वर्षं मोजणी केली. हुद्दा भूकरमापक. गावात तोंडावर 'मोजणीवाले साहेब' म्हणायचे, पाठीमागे काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता पेन्शन खातोय आणि या वयात अराज्यवादाच्या नादी लागलोय. भाचा हसतो. "मामा, जन्मभर सरकारचं मीठ खाल्लंत, आता सरकारच नको? आणि जे होणारच नाही त्याचा उपयोग काय?"

आधी शब्दाचं बघू. मराठीत 'अराजक' म्हटलं की डोळ्यांपुढे जळती बस येते. म्हणून मी अराज्य म्हणतो. कुणी कुणावर हुकूम चालवत नाही, माणसं आपसात ठरवतात आणि दांडक्याच्या भीतीशिवाय ठरलेलं पाळतात. असं जगात कुठे कायमचं टिकल्याचं मला माहीत नाही. स्पेनमध्ये १९३६ साली बार्सिलोनात कामगारांनी ट्रामा आणि कारखाने स्वतः चालवून दाखवले, पण वर्ष-दीड वर्षात तो डाव मोडला.

गांधीजींनी फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारसला भर सभेत सांगितलं होतं की मीही अराजकवादीच आहे, पण वेगळ्या प्रकारचा. बाँब टाकणाऱ्यांची वाट त्यांना मान्य नव्हती. पुढे जुलै १९४६ मध्ये 'हरिजन'मध्ये त्यांनी आपल्या कल्पनेतल्या ग्रामराज्याबद्दल लिहिलं. हे स्वप्नरंजन आहे असं लोक म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यावर त्यांचं उत्तर असं, की युक्लिडचा बिंदू कुणाला काढता येत नाही, तरी त्याची किंमत जात नाही.

हे वाचलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. कारण माझी सगळी नोकरी त्या बिंदूवर गेली! फाळणी नकाशावरच्या, म्हणजे शेतांच्या हिश्शांच्या सरकारी नकाशावरच्या रेषेला रुंदी नसते. जमिनीवरच्या बांधाला दीड-दोन फूट असते, वर बाभळी, घाणेरी, एखादं मुंगसाचं बीळ. भांडणं होतात ती सगळी त्या रुंदीत. दरवर्षी नांगरट करताना कुणीतरी चार बोटं बांध कोरतो, आणि दहा वर्षांनी शेजाऱ्याच्या लक्षात येतं की आपली एक सरी गेली.

एक मोजणी विसरत नाही. दोन सख्खे भाऊ, सात वर्षं अबोला. बंदोबस्ताला आलेला पोलीस लिंबाखाली शेंगा फोडत बसलेला. मी मोजणीचा फलक (तिपाईवरचं टेबल) लावला, टिपणाशी म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीशी ताळा घेतला, साखळी ओढली (तेहतीस फुटी, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची; ईटीएस हे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र नंतर आलं) आणि हद्दीचे दगड रोवून दिले. दोन महिन्यांनी त्याच गावात दुसऱ्या कामाला गेलो तर मधला दगड गायब. पण दोघांच्या बायका त्याच बांधावरून विरजणाची वाटी देत-घेत होत्या.

सरकार त्या बांधावर वर्षातून एक दिवस आलं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तिथे जे काही चाललं, ते सरकारशिवायच. आणि मला मनातून नेहमी वाटायचं की ज्या गावातून मोजणीचा अर्जच येत नाही ते चांगलं गाव. म्हणजे माझी गरज नसणं हीच माझ्या कामाची कसोटी. आता सांगा, हे म्हाताऱ्याचं खूळ आहे, की अशक्य गोष्टीलाही किंमत असते?

फुकटचा_सल्ला

अराज्य बघायचं असेल तर संध्याकाळी सात वाजता आमच्या चौकात या. सिग्नल बंद, हवालदार गायब, सगळे आपसात ठरवतात. मोठी गाडी आधी.

काळीमाती

काका, तुमचं लिहिणं आवडलं आणि रागही आला. आमच्या गावात सरकारशिवाय काय चालतं ते ऐका.

वडील गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर माणसं जमली. बहिणींनी हक्कसोड करून द्यावं, असं ठरलं. एकमताने! मला विचारलंच नाही, म्हणून विरोधही नोंदला गेला नाही. चुलते म्हणाले, माहेर तुटायला नको ना तुला? कुणी दांडकं उगारलं नाही. तुमच्या व्याख्येत चपखल बसतं. साडी आणली होती, पेढेही होते, कागद आधीच टाइप करून आणलेला होता.

मी सही केली नाही. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क देणारा २००५ चा कायदा पाठीशी नसता तर आज सातबाऱ्यावर माझं नाव नसतं. त्या कायद्यामागे कोर्ट होतं आणि कोर्टामागे तुमचा तो शेंगा खाणारा पोलीस. बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हणाले, ते उगाच नाही. ज्यांना गावाने विहिरीवर येऊ दिलं नाही, त्यांना 'गावच सगळं ठरवेल' हे स्वप्न सांगून बघा. गांधीजींना बिंदू दिसला. आम्हाला पार दिसतो, आणि त्यावर कोण बसलंय तेही.

मोहफूल

गडचिरोलीत नोकरीला होतो, त्यामुळे मेंढा (लेखा) इथे दोन-तीनदा जाणं झालं. धानोरा तालुक्यातलं गोंडांचं लहान गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. तिथे बहुमत चालत नाही. एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या सभेवर. बाईचा नकारही नकारच. बाहेरच्या माणसाला हे फार कंटाळवाणं वाटतं, मलाही वाटलं. एकाच विषयावर तासच्या तास, मधेच कुणी उठून बैल बघून येतो, परत बसतो.

पण ताई म्हणतात त्यात तथ्य आहे. मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर २००९ साली सामूहिक हक्क मिळाला तो २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे, म्हणजे सरकारच्याच कागदावर. आणि कागद मिळूनही बांबूचा वाहतूक परवाना वनखातं सोडेना. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. 'आम्हीच सरकार' म्हणायलाही दिल्लीहून माणूस यावा लागला, हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. तरी गावाने ते म्हणून ठेवलं नसतं, तर मागितलं काय असतं?

साखळीवाला

ताई, दोन दिवस उत्तर दिलं नाही. जमेना.

माझ्या लिहिण्यातली चूक तुम्ही बरोबर पकडली. हुकूम म्हणजे फक्त सरकारचा, असं मी धरून चाललो होतो. तुमच्या पारावर राज्य नव्हतं असं नाही. चुलत्यांचं होतं, साडी-पेढ्यांसकट. ते दांडक्याने चालत नाही, 'माहेर तुटेल' एवढ्यावर चालतं. मोहफूल सांगतायत तिथे एका नकाराने सभा थांबते, तुमच्याकडे नकार विचारलाच नाही. सरकार दोन्हीकडे नाही, फरक कुठे आहे ते ओळखायला मला तीच रुंदी नसलेली रेषा, म्हणजे ते कधीच न येणारं अराज्य, लागते. ती लावली तर सरकार जेवढं चुकतं, त्याहून तुमचा पार जास्त चुकतो.

त्या दिवशी पोलीस हवा होता का? हवाच होता. मीही तुमच्याच बाजूने साखळी ओढली असती. पण सही न करता उठलात, तेव्हा पोलीस तिथे नव्हता.

भाच्याला हे वाचायला दिलं. म्हणाला, मामा, तुम्ही हरलात. असेल.

काळीमाती

हरला नाहीत, सरकलात. बरं, एक कामाचं विचारते. माझ्या हिश्शाच्या मोजणीचा अर्ज केलाय, नोटिसा निघाल्यात. भाऊ म्हणतो, आम्ही त्या दिवशी हजरच राहणार नाही.

साखळीवाला

वाटणी होऊन तुमचं खातं वेगळं झालं असेल आणि नोटीस बजावली असेल, तर लगतचा खातेदार आला नाही म्हणून मोजणी अडत नाही. नोटिसांची पोच लागली का ते आधी विचारून ठेवा. खुणा दाखवल्या की तिथल्या तिथे चुना टाका, प्रत्येक खुणेचा फोटो काढा, मागे एखादं झाड किंवा विहीर येईल असा. मोजणीवाला हद्द फक्त दाखवतो, अतिक्रमण काढून देत नाही, त्याच्याशी त्यावरून वाद घालू नका. आणि ऊस उभा असेल तर तारीख पुढे घ्या, आतून काही दिसत नाही.

वहिनीशी बोलणं आहे ना अजून?