रक्त पातळ करायची गोळी आणि ग्रुपवरचा फॉरवर्ड

ए-२०१ ताई: सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. बाबांची परवानगी घेऊन लिहिते आहे, त्यामुळे घरची गोष्ट चव्हाट्यावर का आणली असे कृपया कोणी विचारू नये. मागच्या पंधरवड्यात या ग्रुपवर रोजची ॲस्पिरिन ज्येष्ठांना घातक असल्याचा एक संदेश आला होता. तो वाचून बाबांनी आपली रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे हीच ॲस्पिरिन, स्वतःच्या मनाने बंद केली. त्यांची ॲंजिओप्लास्टी झालेली आहे आणि दोन स्टेंट आहेत, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांना रुग्णालयात नेले त्या रात्री बी विंगमधल्या मुलांनीच गाडी काढली होती. काल औषधांचा डबा भरताना पाहिले, तर बाकीच्या गोळ्या तारखेनुसार संपत आल्या आहेत आणि ७५ मिलिग्रॅमच्या या एका पट्टीतली एकही गोळी काढलेली नाही. संदेश कोणी पाठवला हे मी लिहिणार नाही. ज्यांनी पाठवला त्यांनी तो संपूर्ण वाचला होता का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

सी-४०४ काका: संदेश मी पाठवला होता आणि त्यात लपवण्यासारखे काहीही नाही. नाव न घेता बोट दाखवण्यापेक्षा मला सरळ फोन केला असता तर बरे वाटले असते. त्या संदेशातले संशोधन खरे आहे. ते ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ ज्येष्ठ नागरिकांवर झाले, २०१८ मध्ये नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये गंभीर रक्तस्राव ३८ टक्क्यांनी वाढला असा त्याचा निष्कर्ष आहे. ग्रुपवरच्या ज्येष्ठांच्या काळजीपोटी मी तो पाठवला.

डी-२०३: देखभाल शुल्काचे नवे पत्रक वाचल्यापासून आमचे रक्त आपोआपच आटले आहे, ते पातळ करायचा प्रश्नच उरलेला नाही.

ए-२०१ ताई: माझ्या वडिलांच्या हृदयाचा विषय चालू आहे. विनोद कृपया दुसऱ्या दिवशी करावा.

डी-२०३: क्षमस्व ताई, वेळ चुकली. अण्णा बरे आहेत ना?

ए-२०१ अण्णा: मी बरा आहे आणि हा ग्रुप मी स्वतः वाचतो. अजून रोज सकाळी तळजाईची टेकडी चढून उतरतो. गोळी मी लहरीखातर सोडलेली नाही. तो अभ्यास सत्तरीपुढच्या माणसांवर झालेला होता आणि माझे वय ७४ आहे. मला रक्तस्राव होऊन रुग्णालयात पडायचे नव्हते, म्हणून विचार करून निर्णय घेतला. यात माझे काय चुकले ते कोणी समजावून सांगितल्यास मी ऐकायला तयार आहे.

बी-१०३ डॉक्टर काकू: अण्णा, पहिली गोष्ट म्हणजे हा संदेश वाचून झाला की आजच आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा आणि गोळी किती दिवस बंद आहे ते स्पष्ट सांगा. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन-दोन घेऊ नका. छातीत दुखले, दम लागला किंवा घाम फुटला तर ग्रुपवर न लिहिता थेट १०८ क्रमांक फिरवा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. त्या चाचणीचे नाव ॲस्प्री. तिच्यात प्रवेश देतानाच अशी अट होती की ज्याला आधीपासून हृदयविकार आहे किंवा ज्याला पक्षाघात होऊन गेला आहे, अशा माणसाला घ्यायचे नाही. प्रश्न होता तो धडधाकट ज्येष्ठांचा: ज्यांच्या हृदयाला अजून काहीही झालेले नाही, त्यांनी निव्वळ खबरदारी म्हणून रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतली तर ते अधिक काळ अपंगत्वाशिवाय जगतात का? सुमारे पावणेपाच वर्षांनंतर उत्तर आले की तसा फायदा होत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. हे उत्तर मला पूर्णपणे मान्य आहे आणि निरोगी माणसांना मी तेच सांगते. पण अण्णा, तुम्ही त्या चाचणीत नाव नोंदवायला गेला असतात, तर स्टेंटचे कागद पाहून तुम्हाला दारातूनच परत पाठवले असते. ज्या अभ्यासाने तुमच्यासारख्या एकाही माणसाला आत घेतले नाही, त्याचा निकाल तुमच्या गोळीला कसा लावायचा?

सी-४०४ काका: म्हणजे संशोधन खरे आहे, हे डॉक्टर काकूंनीही मान्य केले. माझा मुद्दा तेवढाच होता.

ए-२०१ ताई: काका, ज्यांना हृदयविकार आहे त्यांच्यासाठी हे नाही, असे एक वाक्य त्या संदेशात असते तर आज ही वेळ आली नसती.

सी-४०४ काका: संदेश मी लिहिलेला नव्हता, मी तो पुढे पाठवला. मला जे आले ते मी जसेच्या तसे दिले.

बी-३०२ काकू: कोरोनाच्या काळातल्या काढ्याच्या वेळीही आपण हेच वाक्य लिहिले होते.

सी-४०४ काका: तो विषय तेव्हाच्या सर्वसाधारण सभेत मिटलेला आहे. तो पुन्हा उकरण्याचे कारण नाही.

सचिव: दोघांनाही विनंती आहे की जुने विषय बाजूला ठेवावेत. डी विंगच्या सरांनी काही लिहायला घेतले आहे असे दिसते.

डी-५०५ सर: होय, थोडा वेळ लागला. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले आहे, म्हणून फक्त आकड्यांपुरते बोलतो.

संदेशातला ३८ टक्के हा आकडा बरोबर आहे, पण तो एकटा वाचला तर शंभरातल्या ३८ जणांना रक्तस्राव झाला असा समज होतो. प्रत्यक्षात गोळी न घेणाऱ्या हजार जणांपैकी सुमारे २८ जणांना त्या पावणेपाच वर्षांत गंभीर रक्तस्राव झाला आणि घेणाऱ्या हजारांपैकी सुमारे ३८ जणांना. वाढ झाली ती हजारी १०. ही वाढ क्षुल्लक आहे असे मी मुळीच म्हणत नाही, कारण फायदाच नसेल तर हजारी १० माणसे फुकट का भोगावीत? पण ती तराजूच्या एका पारड्यात ठेवायची, तर दुसऱ्या पारड्यात काय आहे हे पाहिलेच पाहिजे.

दुसरे पारडे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात सापडते. त्यात निरोगी माणसांवरच्या ६ चाचण्या आणि हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांवरच्या १६ चाचण्या वेगवेगळ्या मांडल्या होत्या. निरोगी १०,००० माणसांमध्ये वर्षाला हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व तत्सम गंभीर घटना ५७ होत्या, त्या ॲस्पिरिनमुळे ५१ झाल्या, म्हणजे ६ वाचल्या. त्याच वेळी मेंदूबाहेरचे मोठे रक्तस्राव ७ वरून १० झाले. ज्यांना आधी झटका येऊन गेलेला होता, अशा १०,००० जणांमध्ये मात्र वर्षाला ८२० घटना होत होत्या, त्या ६७० वर आल्या. एकीकडे ६ आणि दुसरीकडे १५०. गोळी तीच, माणसे वेगळी. अण्णा, तुम्ही दुसऱ्या गटातले आहात.

ए-२०१ अण्णा: सर, हे मला आजवर कोणी असे मांडून दाखवले नव्हते. पण एक विचारतो. त्या १५० मध्ये मी असेन याची खात्री काय?

डी-५०५ सर: खात्री कोणीच देऊ शकत नाही, अण्णा, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. घटना घडण्याची शक्यता कमी होते, एवढेच आकडे सांगतात.

बी-७०२: सरांचे विवेचन उत्तम आहे. माझ्या आईला मधुमेह आहे, हृदयाचा त्रास नाही, आणि तिला कोणीतरी ही गोळी सुचवली आहे. तिला कोणत्या गटात धरायचे?

बी-१०३ डॉक्टर काकू: नेमका यासाठीच वेगळा अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमधल्या ॲसेंड या चाचणीत मधुमेह असलेल्या, पण हृदयविकार नसलेल्या १५,४८० जणांना सरासरी ७.४ वर्षे पाहिले गेले आणि तिचा निकालही २०१८ मध्येच आला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ९.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आल्या, मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेले. हजारी ११ चा लाभ आणि हजारी ९ ची हानी, म्हणजे जवळजवळ फिटंफाट. अशा वेळी आईंचे वय, मूत्रपिंडाची स्थिती, पूर्वी कधी पोटात अल्सर झाला होता का, हे पाहूनच त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे लागते.

बी-३०२ काकू: राग मानू नका, पण डॉक्टर मंडळी दर काही वर्षांनी मत बदलतात असे आम्हाला वाटते. माझ्या सासऱ्यांना पन्नाशीत, काहीही झालेले नसताना ही गोळी सुरू केली होती. तेव्हा ती अमृत होती, आता ती नको. सामान्य माणसाने कोणावर विसंबायचे?

बी-१०३ डॉक्टर काकू: राग मुळीच नाही, तुमची तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर आम्ही नीट दिलेले नाही असेही मला वाटते. १९८८ मध्ये आयसिस-२ या चाचणीत हृदयविकाराचा झटका नुकताच आलेल्या १७,१८७ रुग्णांना घेतले होते. महिनाभर ॲस्पिरिन दिलेल्यांपैकी सुमारे ९.४ टक्के दगावले आणि न दिलेल्यांपैकी सुमारे ११.८ टक्के. इतक्या स्वस्त गोळीने एवढी माणसे वाचतात हे पाहिल्यावर, रोग होण्याआधीच ती दिली तर आणखी माणसे वाचतील, असे वाटणे स्वाभाविक होते. तो अंदाज होता. पुढे निरोगी माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा तो फारसा टिकला नाही. दरम्यान रक्तदाबाची औषधे सुधारली, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आले, अनेक देशांत धूम्रपान घटले, त्यामुळे निरोगी माणसाचा मूळ धोकाच कमी झाला आणि गोळीने वाचवण्यासारखे थोडेच उरले. रक्तस्रावाचा धोका मात्र होता तिथेच राहिला. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या कृतिदलाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले की हृदयविकार नसलेल्यांनी साठीनंतर ही गोळी नव्याने सुरू करू नये. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना ती शिफारस लागू नाही. झटका येऊन गेलेल्यांबाबतचे मत १९८८ पासून आजतागायत बदललेले नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

एक गोष्ट मी दडवणार नाही. ॲस्प्रीमध्ये भारतातले एकही केंद्र नव्हते आणि आपल्याकडे हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. म्हणून तिकडचे आकडे इथे तंतोतंत लागू होतील असे मी म्हणत नाही.

सी-४०४ काका: पुन्हा नम्रपणे लिहितो की संशोधन खरे आहे, नियतकालिक नामांकित आहे आणि रक्तस्राव वाढतो हे इथे सर्वांनी मान्य केले आहे. तरी दोषी मात्र मीच.

ए-२०१ ताई: काका, आपल्याला दोषी ठरवून मला काहीही मिळणार नाही. आपण बाबांच्या वेळी रुग्णालयात रात्रभर बसला होतात, ते मी विसरलेली नाही. म्हणूनच आपण पाठवलेल्या संदेशावर बाबांनी डोळे मिटून विश्वास ठेवला.

सी-३०१ काकू: इतक्या जणी-जणांचे वाचून विचारायचा धीर झाला. रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तरच झटका टळतो, असाही एक संदेश आला होता. मी सकाळी घेते. बदलू का?

बी-१०३ डॉक्टर काकू: बदलण्याची गरज नाही. २०१९ मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासाने रात्रीच्या गोळीचा फार मोठा फायदा सांगितला होता आणि तेव्हाच अनेक तज्ज्ञांनी त्याच्या पद्धतीवर शंका घेतल्या होत्या. मग ब्रिटनमध्ये टाइम नावाच्या चाचणीत २१,१०४ जणांना सकाळ किंवा संध्याकाळ अशी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी करून पाच वर्षांहून अधिक काळ पाहिले. २०२२ चा निकाल असा की दोन्ही गटांत फरक नाही. तुमच्या लक्षात राहते ती वेळ उत्तम.

ए-२०१ अण्णा: डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले. आजपासून गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली आहे आणि शुक्रवारी ईसीजीसाठी बोलावले आहे. सर, एक शंका राहिली. इतके दिवस गोळी नव्हती आणि मला काहीच झाले नाही. मग ती थांबवल्याने खरोखर धोका वाढतो, हे कोणी पाहिले आहे का?

डी-५०५ सर: स्वीडनमध्ये पाहिले आहे. तिथे ॲस्पिरिन घेणाऱ्या सहा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांनी गोळी सोडली त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटनांचे प्रमाण ३७ टक्क्यांनी अधिक आढळले. साधारण ७४ जणांनी गोळी सोडली तर वर्षाला एक जादा घटना. म्हणजे बहुतेकांना काहीच होत नाही, तुम्हालाही झाले नाही, याचा आम्हा सर्वांना आनंद आहे. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, त्यामुळे गोळी सोडणारी माणसे मुळातच वेगळी असू शकतात, ही मर्यादा मी नोंदवतो. तरी स्टेंट असलेल्या माणसाने हा प्रयोग स्वतःवर करू नये, असे मला मनापासून वाटते.

सचिव: यापुढे औषधांविषयीचा कोणताही संदेश ग्रुपवर टाकताना ते संशोधन कोणत्या माणसांवर झाले, हे त्यासोबत लिहिलेले असावे; नसल्यास तो आधी डॉक्टर काकूंना दाखवावा, अशी सूचना मी करतो.

सी-४०४ काका: सूचना सर्वांना सारखी लागू असेल तर माझी हरकत नाही. बी विंगमधून येणाऱ्या हळदीच्या संदेशांनाही ती लागू असावी.

बी-३०२ काकू: अवश्य लागू असावी.

सी-३०१ काकू: डॉक्टर काकू, माझे वय ७२ आहे, हृदयाला काही झालेले नाही, तरी ही गोळी मी बरीच वर्षे घेते आहे. वरचे सगळे वाचून आता मी ती उद्यापासून थांबवते.

बी-१०३ डॉक्टर काकू: थांबा, उद्यापासून नको. तुमच्या बाबतीत ती कदाचित बंद करावीही लागेल, पण कोणी आणि कशासाठी सुरू केली होती हे कागदावर पाहिल्याशिवाय मी ग्रुपवर हो किंवा नाही म्हणणार नाही. जुनी फाइल, मागचा ईसीजी आणि सध्याच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन संध्याकाळी ६ नंतर घरी या. सांधेदुखीसाठी काही घेत असाल तर तीही पट्टी आणा, कारण ॲस्पिरिनसोबत अशा गोळ्या घेतल्यास पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो.