वाचता येणं म्हणजे समता नव्हे

फिनलंडमधल्या शैक्षणिक समतेचं श्रेय अनेकदा तिथल्या वाचनाच्या जुन्या परंपरेला दिलं जातं. ते मला अर्धंच पटतं. स्वीडनच्या राजवटीतल्या १६८६ च्या चर्च कायद्यानं सगळ्यांना वाचणं भाग पाडलं, हे खरं. पाद्री परीक्षा घेत. पण लिहिणं बहुतेकांना शिकवलंच नाही! पुढे विसाव्या शतकातही अकराव्या वर्षाच्या आसपास मुलांची वाटणी व्हायची: काही फी भरून माध्यमिक शाळेत, बाकीची कामधंद्याच्या वाटेला. ही भिंत सगळ्यांसाठी एकच शाळा आणणाऱ्या १९६८ च्या कायद्यानं पाडली. अंमल १९७२ मध्ये मुद्दाम उत्तरेच्या लॅपलँडपासून सुरू झाला, हेलसिंकीचा भाग १९७७ मध्ये आला. गणित-भाषांतली पातळीवार विभागणी तर १९८५ पर्यंत टिकली.