हाताने चालवलेला बॅकअप होतो, क्रॉनने ठरवून दिलेल्या वेळी मात्र होत नाही

शोधयात्री यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या संगणकावर उबुंटू आहे. माझ्या होम फोल्डरची प्रत रोज रात्री २:३० वाजता एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आपोआप उतरावी, यासाठी मी आरसिंक ही फाइलींची प्रत घेणारी कमांड वापरणारी छोटी शेल स्क्रिप्ट (कमांडांची यादी असलेली फाइल) लिहिली आहे. ही स्क्रिप्ट त्या दिवसाच्या तारखेच्या नावाचा फोल्डर तयार करते आणि ‘लिंक-डेस्ट’ हा पर्याय वापरून, आदल्या प्रतीपासून ज्या फाइली बदललेल्या नाहीत त्यांची पुन्हा नक्कल न करता केवळ हार्ड लिंक (आधीच साठवलेल्या मजकुराला दिलेले आणखी एक नाव) ठेवते, त्यामुळे डिस्कवर जागा फारशी लागत नाही. टर्मिनलमधून सूडोने, म्हणजे रूट या प्रशासकाच्या अधिकाराने, चालवल्यास स्क्रिप्ट निर्दोषपणे पूर्ण होते.

ती वेळापत्रकाने चालावी म्हणून रूटच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉन या सेवेच्या यादीत, मी एक ओळ लिहिली आहे. तिच्यात स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग दिलेला आहे आणि स्क्रिप्टचे आउटपुट ‘डेट’ कमांडने तयार होणाऱ्या, तारखेच्या नावाच्या लॉग फाइलीत वळवलेले आहे. सकाळी पाहावे तर नवा फोल्डर नसतो आणि लॉग फाइलही नसते. क्रॉनची सेवा चालू असल्याची खात्री मी केली आहे, स्क्रिप्टला एक्झिक्यूट परवानगी आहे आणि संगणक रात्रभर जागा राहील अशी सेटिंग आहे. अनेक वर्षांचे लिखाण आणि छायाचित्रे याच एका संगणकावर असल्यामुळे हा प्रश्न लवकर सुटावा अशी फार इच्छा आहे. तपासणीला नेमकी कोठून सुरुवात करावी?

कंदील यांचे उत्तर

सर्वप्रथम दोन शक्यता वेगळ्या कराव्यात: क्रॉनने स्क्रिप्ट सुरूच केली नाही, की सुरू करताना किंवा सुरू झाल्यावर काहीतरी बिघडले? जर्नलसीटीएल या सिस्टमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडने क्रॉन युनिटच्या नोंदी काढून २:३०च्या आसपासच्या ओळी वाचा. तेथे ‘सीएमडी’ अशी नोंद असेल, तर वेळापत्रकाचे काम झालेले आहे आणि दोष पुढे आहे. त्या नोंदीत कंसात जी कमांड दिसते ती शेवटपर्यंत संपूर्ण आहे का, हे अक्षर न अक्षर तपासा.

असे सांगण्याचे कारण तुमच्याच वर्णनात आहे. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्केचिन्हाला विशेष अर्थ असतो: पहिल्या टक्केचिन्हापाशी कमांड संपते आणि त्यापुढचा सगळा मजकूर त्या कमांडला इनपुट म्हणून दिला जातो. ‘डेट’ला वर्ष, महिना आणि दिवस सांगण्यासाठी टक्केचिन्हे लागतातच. त्यामुळे शेलच्या हाती अर्धवट तुटलेली ओळ येते, तिचा कंस कधी बंद होत नाही आणि स्क्रिप्टपर्यंत मजल जाण्याआधीच शेल चूक दाखवून थांबते. टर्मिनलमध्ये हा नियम लागू नसल्यामुळे तीच ओळ तेथे बिनदिक्कत चालते. उपाय दोन आहेत. प्रत्येक टक्केचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी, किंवा, मला अधिक पसंत असलेला मार्ग, लॉगचे नाव ठरवण्याचे काम स्क्रिप्टच्या आत न्यावे, कारण स्क्रिप्टमध्ये टक्केचिन्हाला कोणतेही बंधन नाही आणि क्रॉनटॅबची ओळ छोटी व निर्विवाद राहते.

चूक तुमच्या नजरेला का पडली नाही, हेही सांगतो. क्रॉन कमांडचे आउटपुट आणि चुका त्या वापरकर्त्याला स्थानिक ईमेलने पाठवतो. घरगुती संगणकावर ईमेल पाठवणारी यंत्रणा बहुधा बसवलेलीच नसते आणि मग क्रॉन ते आउटपुट टाकून देतो. जर्नलमध्ये ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’ अशी ओळ आढळली, तर तुमच्या चुकीचा संदेश तेथेच गेला असे समजावे.

टक्केचिन्ह दुरुस्त करूनही काम झाले नाही, तर पुढचा संशय परिसरावर, म्हणजे कमांडला चालताना मिळणाऱ्या सेटिंगवर, घ्यावा. क्रॉन तुमच्या टर्मिनलच्या सेटिंगची बॅशआरसी फाइल वाचत नाही, त्याचा ‘पाथ’ (कमांड जेथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) अगदी तोकडा असतो आणि तो ओळ टर्मिनलमधल्या बॅश या शेलने नव्हे तर ‘एसएच’ने चालवतो, जे उबुंटूवर प्रत्यक्षात डॅश हे वेगळे शेल असते. क्रॉनच्या परिसरात काय काय आहे हे अंदाजाने ठरवू नका. ‘एन्व्ह’ कमांडचे आउटपुट फाइलीत लिहिणारी एक तात्पुरती ओळ क्रॉनटॅबमध्ये टाका, ती फाइल आणि तुमच्या टर्मिनलमधील त्याच कमांडचे आउटपुट शेजारी ठेवून वाचा, म्हणजे फरक स्पष्ट दिसेल. पुढेमागे दुसऱ्या संगणकावर एसएसएच या सुरक्षित जोडणीमार्गे बॅकअप घेणार असाल, तर तुमच्या लॉगिनमध्ये किल्ली उघडी ठेवणारा एसएसएच एजंट क्रॉनला दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

शोधयात्री यांचा प्रतिसाद

आपले निदान अचूक निघाले. जर्नलमधील कमांड ‘डेट’नंतरच्या अधिक चिन्हापाशीच तुटलेली होती. लॉगचे नाव स्क्रिप्टमध्ये हलवले आणि त्यानंतर रात्री लॉग फाइल तयार होऊ लागली. तिच्यात आरसिंकने शून्य एक्झिट कोड दिल्याची नोंद आहे, म्हणजे काम यशस्वी झाले असे दिसते.

परंतु एक्स्टर्नल डिस्क उघडली तर तिच्यावर नवा फोल्डर नाही. लॉगमध्ये ‘लिंक-डेस्ट’साठी दिलेला फोल्डर अस्तित्वात नाही अशी सूचना आहे, आणि संगणकाच्या मुख्य डिस्कवरील मोकळी जागा पुष्कळ कमी झाली आहे. शिवाय एक्स्टर्नल डिस्कचा मार्ग पूर्वी मीडिया फोल्डरखाली माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘बॅकअप’ असा दिसत असे, तो आता ‘बॅकअप१’ असा दिसतो. मी रात्री संगणक रीस्टार्ट करून लॉगिनच्या पडद्यावर सोडून देतो. याचा काही संबंध असावा का?

पिंपळपान यांचे उत्तर

पूर्ण संबंध आहे, आणि तुम्ही दिलेली तिन्ही लक्षणे एकाच कारणाकडे बोट दाखवतात.

मीडिया फोल्डरखाली एक्स्टर्नल डिस्क आपोआप माउंट होते (म्हणजे एखाद्या फोल्डरच्या जागी वापरासाठी जोडली जाते), ती तुमच्या डेस्कटॉप सेशनच्या सांगण्यावरून, यूडिस्क्स या सेवेमार्फत. संगणक रीस्टार्ट होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबलेला असेल, तर डिस्कची तार जोडलेली असूनही ती माउंट झालेली नसते. तुमची स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालते आणि लागणारे फोल्डर नसतील तर ते तयार करते. त्यामुळे २:३० वाजता तिने ‘बॅकअप’ नावाचा साधा फोल्डर मुख्य डिस्कवरच निर्माण केला आणि संपूर्ण होम फोल्डर त्यात उतरवला. तेथे आदली प्रत नव्हती म्हणून ‘लिंक-डेस्ट’ची सूचना आली. हार्ड लिंक करता आल्या नाहीत म्हणून प्रत्येक फाइलीची पूर्ण नक्कल झाली आणि जागा भरली. सकाळी तुम्ही लॉगिन केलेत तेव्हा यूडिस्क्सला त्या नावाचा भरलेला फोल्डर आधीच आढळला, म्हणून त्याने शेवटी १ लावून वेगळी जागा निवडली. आरसिंकने शून्य कोड दिला तो खराच होता. त्याला जेथे लिहायला सांगितले तेथे त्याने लिहिले.

आवराआवर करताना घाई करू नका. आधी क्रॉनटॅबमधील ओळीला तात्पुरते टिप्पणीचे चिन्ह लावून ती थांबवा. मग ‘फाइंडमाउंट’ कमांडने खरी डिस्क आत्ता कोठे माउंट आहे ते पाहा. जो फोल्डर तुम्ही पुसणार आहात तो माउंटपॉइंट नाही आणि मुख्य डिस्कवरच आहे, याची खात्री झाल्याशिवाय पुसण्याची कमांड देऊ नका, कारण येथे नावे इतकी सारखी आहेत की चुकून खरा बॅकअप पुसला जाण्याचा धोका वास्तव आहे. पुसण्यापूर्वी स्क्रिप्ट एकदा हाताने चालवून खऱ्या डिस्कवर ताजी प्रत घ्या. मात्र तिच्यातील मार्ग सध्या चुकीच्या फोल्डरकडे नेतो, तेव्हा त्या एका वेळेपुरता तो बदलावा लागेल.

कायमच्या उपायासाठी डिस्कला एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कोठे माउंट करायची हे सांगणाऱ्या फाइलीत, स्थान द्या. ‘एलएसबीएलके’ कमांड ‘एफ’ पर्यायासह चालवली की डिस्कचा यूयूआयडी (तिचा स्वतःचा ओळख क्रमांक) मिळतो. तोच वापरा, कारण ‘एसडीबी’ किंवा ‘एसडीसी’ यांसारखी नावे जोडणीच्या क्रमानुसार बदलू शकतात. माउंटची जागा मीडिया फोल्डरमध्ये न ठेवता वेगळी करा आणि पर्यायांत ‘नोफेल’ अवश्य लिहा. ते लिहिले नाही आणि एखाद्या दिवशी डिस्क जोडलेली नसली, तर संगणक सुरू होताना तिची दीड मिनिट वाट पाहून आपत्कालीन मोडमध्ये अडकतो.

एवढ्यावर थांबू नका. तार सैल झाली तरी हाच प्रकार पुन्हा घडेल, म्हणून स्क्रिप्टच्या आरंभी ‘माउंटपॉइंट’ कमांडने त्या जागी खरोखर डिस्क आहे का हे तपासावे आणि नसेल तर लॉगमध्ये तसे लिहून शून्येतर कोडने बाहेर पडावे. याच्या जोडीला मी आणखी एक कडी लावतो: डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचअ‍ॅटर’ कमांडने ‘आय’ गुणधर्म द्यावा. मग डिस्क माउंट नसेल तेव्हा रूटलासुद्धा त्यात काही लिहिता येत नाही, आणि डिस्क माउंट करण्यात मात्र कोणताही अडथळा येत नाही.

सावकाश यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, मात्र एवढी दुरुस्ती करायचीच असेल तर क्रॉन सोडून सिस्टमडी या उबुंटूच्या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा टायमर वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ठरलेल्या क्षणी संगणक बंद असेल तर क्रॉन ते काम मुकाट्याने सोडून देतो. टायमरमध्ये ‘ऑनकॅलेंडर’बरोबर ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय चालू ठेवल्यास, शेवटी काम केव्हा झाले याची नोंद डिस्कवर राहते आणि हुकलेले काम संगणक पुढच्या वेळी सुरू होताच केले जाते.

तुमच्या अडचणीला थेट लागू पडणारी गोष्ट वेगळीच आहे. टायमरने कोणते काम चालवायचे हे सांगणाऱ्या सर्व्हिस फाइलीत ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ या सूचनेपुढे बॅकअपच्या जागेचा मार्ग लिहिला, की सिस्टमडी आधी ती डिस्क माउंट करते आणि माउंट न झाल्यास सर्व्हिस सुरूच करत नाही. एफएसटॅबमध्ये ‘नोऑटो’ (आपोआप माउंट करू नये) लिहिलेले असले तरीही ही सूचना पाळली जाते, म्हणजे एरवी डिस्क अनमाउंट ठेवून केवळ बॅकअपपुरती माउंट करण्याची व्यवस्थाही करता येते. काम संपल्यावर अनमाउंट करण्याची कमांड मात्र तुम्हाला स्वतः द्यावी लागेल. आधीचा बॅकअप लांबला असता दुसरा त्यावर सुरू होण्याची भीतीही राहत नाही, कारण चालू असलेली सर्व्हिस टायमर पुन्हा सुरू करत नाही. क्रॉनमध्ये यासाठी ‘एफलॉक’चे कुलूप स्वतः घालावे लागते.

टायमर रूटच्या पातळीवरच ठेवा. वापरकर्त्याच्या पातळीवरील टायमर, त्या वापरकर्त्यासाठी ‘लिंगर’ (लॉगिन नसतानाही त्याच्या सेवा चालू ठेवण्याची सोय) चालू केलेले नसेल तर, तो लॉगिन असतानाच चालतो आणि तुम्ही पुन्हा याच अडचणीत याल. वेळ बरोबर लिहिली आहे का हे ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ’च्या ‘कॅलेंडर’ उपकमांडने, आणि पुढची वेळ कोणती हे ‘सिस्टमसीटीएल’च्या ‘लिस्ट-टायमर्स’ने पाहता येते. काम अयशस्वी झाल्यास ‘ऑनफेल्युअर’मध्ये दुसरी सर्व्हिस नेमून डेस्कटॉपवर किंवा ईमेलवर सूचना पाठवता येते.

शोधयात्री यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. मुख्य डिस्कवरील चुकीचा फोल्डर तपासून पुसला, एफएसटॅबमध्ये नोंद केली आणि टायमर बसवला. आता प्रत योग्य जागी उतरते. एकच शंका उरली आहे: काही वेळा आरसिंक २४ हा कोड देते आणि सिस्टमडी ते काम अयशस्वी ठरवते. लॉगमध्ये ब्राउझरच्या फोल्डरमधील फाइली नाहीशा झाल्याचा उल्लेख असतो. हे दुर्लक्षण्याजोगे आहे का? आणि प्रती खरोखर चांगल्या आहेत हे कसे पाहावे?

कंदील यांचे उत्तर

२४ म्हणजे यादी करताना असलेली फाइल नक्कल करण्याच्या वेळी राहिली नाही. सकाळी लॉगिन केल्यावर, ब्राउझर चालू असताना, टायमरने हुकलेले काम उरकले तर असे होणारच. कॅशचे फोल्डर वगळा आणि सर्व्हिस फाइलीत ‘सक्सेसएक्झिटस्टेटस’पुढे २४ लिहा. २३ मात्र कधीही या यादीत घालू नका. त्याचा अर्थ काही फाइली वाचता किंवा लिहिता आल्या नाहीत असा होतो, आणि त्यामागे परवानगीचा घोळ असू शकतो तसेच बिघडत चाललेली डिस्कही असू शकते.

तपासणीसाठी आरसिंक ‘ड्राय-रन’, ‘चेकसम’ आणि ‘आयटमाइझ-चेंजेस’ हे तीन पर्याय एकत्र देऊन होम फोल्डर आणि ताजी प्रत यांच्यावर चालवा. काहीही न लिहिता ती दोन्हीकडील मजकूर वाचून फरक दाखवते. बॅकअपनंतर तुम्ही बदललेल्या फाइली आणि तुम्ही वगळलेले फोल्डर यादीत येतील, ते अपेक्षित आहे. ज्या फाइलीला तुम्ही हातही लावलेला नाही ती यादीत आली, तर थांबून कारण शोधा. शिवाय अधूनमधून एखादा पूर्ण फोल्डर प्रतीतून वेगळ्या जागी परत उतरवून त्यातील छायाचित्रे आणि दस्तऐवज उघडून पाहा.

शेवटी हार्ड लिंकविषयी. तुमच्या डिस्कवर तारखांचे फोल्डर कितीही दिसले तरी न बदललेल्या फाइलीचा मजकूर तेथे एकदाच साठवलेला असतो आणि सगळ्या तारखा त्याच मजकुराकडे निर्देश करतात. तो खराब झाला तर सर्व तारखांची ती फाइल एकदमच जाते. म्हणून अनेक वर्षांच्या छायाचित्रांसाठी दुसरी डिस्क घ्या. ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल व्यवस्थेने फॉरमॅट करा, कारण एक्सफॅटवर हार्ड लिंक चालत नाहीत आणि परवानग्याही टिकत नाहीत. तिच्या यूयूआयडीसाठी एफएसटॅबमध्ये ‘नोऑटो’सह स्वतंत्र ओळ लिहा आणि बॅकअप झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून दुसऱ्या जागी ठेवा.